उजवीकडून उघडणारं पुस्तक

अरफा परकार चिडली की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. घरची माणसं त्या उतरलेल्या आवाजाला टरकून होती. अबू धाबीबाहेरच्या मुसफ्फ्याच्या कारखानी वस्तीत असलेल्या प्रिंटिंग प्रेसमधल्या त्या उंच मुलाला हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं, म्हणून तो बिचारा हसतहसत काउंटरवर आला.

"जी मॅडम?"

"ये किताब," अरफा अगदी हळू म्हणाली, "किसने बांधी है?"

"मैंने. अच्छी है ना?"

बांधणी खरंच सुरेख होती. घट्ट, सरळ, हातातून सोडवू नये अशी. फक्त उजव्या बाजूने होती! प्रेसमध्ये बारा महिने अरबी कामं, त्यामुळे बांधणाऱ्याचा हात आपोआप उजवीकडे जायचा. त्यात या पुस्तकाच्या कव्हरवर एक अक्षर नव्हतं, पुढेमागे नुसता निळा समुद्र. झालं! इंग्रजी पुस्तक म्हणून डावीकडून उघडावं, तर पहिल्यांदा शेवटचंच पान समोर. आणि ज्यांच्या चित्रांचं हे पुस्तक होतं, त्या थूई मॅडमचं प्रदर्शन पुढच्या आठवड्यात होतं.

"एवढा मोठा प्रेस आणि अकलेच्या नावाने बोंब. सगळे दीडशहाणे भरलेत इथे," अरफा मराठीत पुटपुटली. अबू धाबीत मराठीत पुटपुटलेलं कुणाला कळत नाही, असा तिचा आजवरचा अनुभव होता.

"दीडशहाणा एकच आहे," समोरून उत्तर आलं. "बाकीचे केरळचे आहेत. ते शहाणे आहेत."

अरफाने मान वर केली. मुलाच्या गालाला डिंक लागला होता आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांकडे तिने पाहिलंच नाही. निदान नंतर तिने स्वतःला तसं सांगितलं.

"तुम्ही मराठी?"

"झैद हुर्जुक. म्हसळ्याचा. तुम्ही?"

"दापोली."

"रत्नागिरीवाले! तरीच."

"तरीच काय?"

"तरीच चिडल्यावरसुद्धा एवढं गोड बोलता. आमच्या रायगडात अशा वेळी भांडी वाजतात."

अरफाला हसू आलं. तिने ते ओठांत दाबलं, पण एका गालावर थोडं सांडलंच, आणि झैदने ते बरोबर टिपलं.

"गुरुवारपर्यंत सगळी सोडवून परत बांधून देतो," तो म्हणाला. "इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको. गुरुवारी द्या."

"द्यायची जबाबदारी माझी. इन्शाल्ला तुम्ही घ्यायला याल म्हणून म्हटलं."

अरफाने दुपट्टा सावरला आणि ती सरळ बाहेर पडली. टॅक्सीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, उलट्या बांधणीची एक प्रत आपण हातातच घेऊन आलोय.

थूई मॅडम मूळच्या व्हिएतनामच्या. लहानपणी युद्धातून पळून, होडीतून समुद्र ओलांडून, छावणीत राहून त्या कॅनडाला पोचल्या आणि आता नवऱ्याच्या रुवैसच्या तेल कारखान्यातल्या नोकरीमुळे इथे आल्या होत्या. अबू धाबीत त्या चित्रकलेचा क्लास चालवत आणि अरफा तिथे त्यांची मदतनीस होती. मॅडमनी आपली सगळी कहाणी चौकटीचौकटींच्या चित्रांत मांडली होती. शब्द अगदी थोडे. होडीत चढण्याआधी आईने अकरा वर्षांच्या थूईचे लांब केस कात्रीने कापले, वारलेल्या भावाचा शर्ट तिच्या अंगात घातला आणि सांगितलं, आजपासून तू मुलगा. समुद्रावर लुटारू होते, मुलींना उचलून नेत. सगळ्या वाटेत आईने तिला भावाच्याच नावाने हाक मारली. पुढे कॅनडातल्या शाळेत बाईंनी नाव विचारलं, तेव्हा कुठलं सांगावं तेच थूईला कळेना.

गुरुवारी अरफा प्रेसवर गेली तेव्हा पुस्तकं डावीकडून नीट बांधून तयार होती. झैदने गालाचा डिंक धुतला होता आणि शर्टही इस्त्रीचा होता. अरफाला हे दिसलं नाही असं म्हणणं खोटं होईल.

"एक विचारू?" झैद म्हणाला. "मी हे पुस्तक वाचलं. पण उलटं वाचलं."

"म्हणजे?"

"बांधलं अरबी पद्धतीने आणि उघडलं इंग्रजी म्हणून. त्यामुळे शेवटाकडून सुरुवातीकडे गेलो. मला वाटलं, ही बाई बर्फातून निघते, छावणीत येते, होडीत बसते, समुद्र ओलांडते... वाटेत तिचे केस वाढत जातात, आणि शेवटी ती घरच्या अंगणात पोचते. तिथे आई तिची वेणी घालते. संपलं. मला फार आवडलं. म्हटलं, वा! किती चांगला शेवट. मग कळलं, चूक आपलीच आहे."

अरफा त्याच्याकडे बघत राहिली. चिडायला काही उरलंच नव्हतं. हातातलं पुस्तक तिने उगाच मिटलं आणि पुन्हा उघडलं.

"आम्हीपण असेच आलो," तिच्या तोंडून निघून गेलं. "कुवेतहून. नव्वद साली."

तिने हे सांगितलं खरं, पण अर्धंच सांगितलं. पूर्ण गोष्ट परकारांच्या घरात कुणीच सांगत नसे.

परकारांच्या घरात कुवेतची गोष्ट सांगायचा मान अब्बांचा. मोहिद्दीन परकार म्हणजे अबू धाबीतल्या कोकणी मंडळींत वजनदार नाव. ईद मिलनाला, लग्नात, कुणाच्या घरी बिर्याणीला गेलं की कुणीतरी म्हणायचंच, "मोहिद्दीनभाई, ते कुवेतचं सांगा." मग अब्बा मांडी बदलायचे. इराकी फौज आली, दुकान लुटलं, ऑगस्टचं ऊन, आणि मग "गाडी काढली, बिस्मिल्ला म्हटलं आणि वाळवंटात घातली! बसरा, बगदाद, थेट जॉर्डनची सरहद्द." ऐकणाऱ्यांची छाती फुगायची. अम्मी, म्हणजे जहांआरा, तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन यायची आणि खाली मान घालून कप मांडायची.

अरफा तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिला सगळं लख्ख आठवत होतं. सैनिकांनी अब्बांना दोन दिवस डांबून ठेवलं होतं. सुटून आले तेव्हा त्यांचे हात इतके कापत होते की चहाचा कप धरवेना, मग गाडीचं स्टिअरिंग कसलं धरतात! तेव्हा अम्मीने किल्ली उचलली. अब्बांचा शर्ट चढवला, डोक्याला अब्बांचा लाल चौकड्यांचा रुमाल बांधला, म्हणजे चौकीवर लांबून बघणाऱ्याला पुरुष वाटावा. आणि कुवेतपासून सरहद्दीपर्यंत सगळी वाट गाडी अम्मीने चालवली. अब्बा मागच्या सीटवर, अंगावर घोंगडं घेऊन.

इथे आल्यावर अम्मीने पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. कुणी म्हटलंही नाही, आणि तिने मागितलंही नाही.

"तू तुझं काढ आता," प्रदर्शन संपल्यावर थूई मॅडम अरफाला म्हणाल्या. परकार कुवेतहून पळून आले, एवढंच त्यांना माहीत होतं. "माझ्या आईने मला मुलगा केलं आणि जगवलं. ते मी काढलं नसतं तर तिची हिंमत कुणाला कळली असती? आपल्या आया काही स्वतः सांगत नाहीत. आपण काढायचं असतं."

अरफाने काढायला घेतलं. आणि काढलेली पानं दाखवायला म्हणून, कागद विचारायला म्हणून, शाई कुठली चांगली म्हणून तिच्या मुसफ्फ्याला फेऱ्या सुरू झाल्या. शाई काय अबू धाबीत मिळत नव्हती? पण प्रेमात पडलेल्या माणसाला शाईसुद्धा बारा गावचं पाणी पिऊन आलेली लागते.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी पाऊस आला. अबू धाबीत पाऊस म्हणजे समारंभच. वर्कशॉपमधून सगळे कामगार बाहेर येऊन हात पसरून उभे राहिले, आणि पाण्याला जायला वाट नसल्यामुळे रस्त्याचं क्षणात तळं झालं. अरफा आणि झैद प्रेसच्या पत्र्याच्या पडवीखाली अडकले. पत्र्यावर नुसता ताशा वाजत होता.

"आता तुम्हाला तासभर जाता येणार नाही," झैद म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नव्हता.

"टॅक्सी येईल."

"होडी मागवू का? थूई मॅडमची?"

"तुमच्या जिभेला हाड नाही."

"नाही ना. म्हणून तर... अरफा, तुम्हाला 'तू' म्हटलं तर चालेल?"

अरफा पावसाकडे बघत होती. कान मात्र तापले होते. "नावाने हाक मारून तर झाली," ती म्हणाली. "आता काय परवानगी मागतोस?"

तो 'मागतोस' दोघांनाही ऐकू आला होता.

थोड्या वेळाने झैदने तिची पानं मांडीवर घेतली आणि एकेक करून बघितली. घर, गाडी, रस्त्याच्या कडेला सोडून दिलेल्या बॅगा, चौकी, सरहद्दीवरचे तंबू. आणि शेवटी अबू धाबीचा दिवाणखाना. अब्बा हात उंचावून गोष्ट सांगतायत, पाहुणे तोंडाचा आ करून ऐकतायत.

"सगळं भारी आहे," तो म्हणाला. "पण गाडी चालवणाऱ्याची नेहमी पाठच का? आणि हे पहिलं पान... आरशासमोर कुणीतरी रुमाल बांधतंय आणि आरशात चेहराच नाही. कोण आहे हा? अब्बा?"

अरफाने ओलं झालेलं दुपट्ट्याचं टोक पिळलं. आणि तिने पूर्ण गोष्ट सांगितली, जी तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती.

झैद ऐकत राहिला. पाऊस ओसरला तरी त्याच्या ते लक्षात आलं नाही.

"मग चेहरा काढ ना," तो शेवटी म्हणाला.

"अब्बांचं काय होईल? चार माणसांत त्यांची मान खाली जाईल. ते वाईट नाहीत रे. त्यांच्यावर जे गुजरलं ते त्यांना सांगता येत नाही, म्हणून दुसरंच सांगत बसतात. आणि अम्मीने आयुष्यभर त्यांची अब्रू झाकली. ती मी उघडी करू?"

झैदने डोकं खाजवलं. "मग आणखी एक घोळ आहे. माझी अम्मी तुमच्याकडे यायचं म्हणतेय. शुक्रवारी. तुझ्यासाठी... म्हणजे आपल्यासाठी."

अरफाचं काळीज एकदम वर उडालं. आणि पुढचं वाक्य ऐकून तितकंच खाली आलं.

"ती सगळ्यांना सांगत सुटलीय, कुवेतच्या वाळवंटातून घरदार सुखरूप आणणाऱ्या मोहिद्दीनभाईंची मुलगी आहे म्हणून."

अरफाचा आवाज उतरला. अगदी हळू झाला. "झैद, मला तू हवा आहेस. हे मी एकदाच बोलते, परत विचारू नकोस, मला लाज वाटेल. पण मला माझ्या अम्मीची मुलगी म्हणून तुझ्या घरी यायचंय. तिच्या नावावर पांघरूण घालून नाही."

चेष्टा करायची त्याची सवय त्या क्षणी कुठे गेली कोण जाणे. "काढ चेहरा," तो म्हणाला. "तुझ्या अब्बांना आधी एकट्यांना दाखव. पुढचं त्यांच्यावर सोड. माझी अम्मी नाही म्हणाली तर मी तिला समजावीन. तरीही नाहीच म्हणाली, तर रोज समजावीन." मग त्याने पानांची गड्डी ठोकून सारखी केली. "एक सांग, तुझे अब्बा पुस्तक कुठून उघडतात?"

"उजवीकडून. उर्दू शाळेत शिकलेत. इंग्रजी पेपरसुद्धा मागच्या पानावरून वाचायला घेतात."

"मग या वेळी मी मुद्दाम उजवीकडून बांधतो. दिवाणखान्याचं पान आधी. तिथून मागे मागे जाऊ दे त्यांना. अम्मीचा चेहरा शेवटी."

शुक्रवारी सकाळी, नमाजाला जायच्या आधी, अरफाने ते पुस्तक अब्बांच्या हातात दिलं आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

अब्बांनी उजवीकडून उघडलं. पहिल्याच पानावर स्वतःला गोष्ट सांगताना पाहून ते खूश झाले. "अरे वा, मीच की! पोट जरा जास्त काढलंस." पान उलटलं. विमान, तंबू, सरहद्द. पान उलटलं. चौकी, आणि मागच्या सीटवर घोंगडं पांघरलेला माणूस. अब्बांचं हसू थांबलं. त्यापुढची पानं त्यांनी फार हळू उलटली. शेवटच्या पानावर आरसा होता आणि आरशात अम्मी. लाल चौकड्यांचा रुमाल बांधणारी, बत्तीस वर्षांची, घाबरलेली आणि तरीही ओठ घट्ट मिटलेली जहांआरा.

अब्बांचे हात कापायला लागले. अरफाने ते हात त्या उन्हाळ्यानंतर असे कापताना पाहिले नव्हते. त्यांनी पुस्तक मिटलं, कपाटावर ठेवलं, टोपी घातली आणि तिच्याकडे न बघता ते मशिदीत निघून गेले. अरफाला वाटलं, आपण सगळं घालवलं. अब्बाही आणि झैदही.

दुपारी झैद आणि त्याची आई हलिमा आली. हलिमा म्हणजे गडगडाटी बाई. चपला काढायच्या आधीच तिने अरफाची हनुवटी धरली, घराचं कौतुक केलं आणि शिरखुर्म्याचा डबा टेबलावर ठेवला. झैद सोफ्याच्या टोकाला इतका अवघडून बसला होता की एरवी अरफाने त्याची आठवडाभर चेष्टा केली असती. आज तिचं लक्ष अब्बांकडे होतं.

"मोहिद्दीनभाई," हलिमा ऐसपैस बसत म्हणाली, "आता ते कुवेतचं तुमच्या तोंडून ऐकायचंय हां. मी माझ्या बहिणींना फोन करून सांगितलंय, कुणाच्या घरी चाललेय ते."

अम्मी ट्रे घेऊन आली. खाली मान, नेहमीसारखी. अब्बांनी मांडी बदलली. अरफाने डोळे मिटून घेतले.

"सांगतो," अब्बा म्हणाले. "जहांआरा, तो ट्रे ठेव. बस इथे."

"अहो, चहा..."

"चहा अरफा देईल. तू बस." मग ते हलिमाकडे वळले. "भाभी, इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगतोय आणि इतकी वर्षं खोटी सांगतोय. फौजेने मला धरून नेलं होतं. परत आलो तेव्हा माझ्या हातात जीव नव्हता. गाडी हिने चालवली. सगळी. माझे कपडे घालून. मी मागे पडून होतो आणि नुसता रडत होतो." त्यांनी कपाटावरचं पुस्तक काढून हलिमाच्या मांडीवर ठेवलं. "माझ्या पोरीने काढलंय. बघा. उजवीकडून उघडा."

अम्मीने पदराने तोंड झाकलं. "कशाला सांगायचं ते आता..." असं ती म्हणाली, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. अरफाला अम्मीचा अभिमान आयुष्यभर होताच. आज पहिल्यांदा अब्बांचा इतका अभिमान वाटला की तिला रडावं की नाचावं कळेना. वाळवंट ओलांडायला हिंमत लागते, पण सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांसमोर हे बोलायला त्याहून जास्त लागते.

हलिमाने पुस्तक संपवलं. शेवटच्या पानावर तिचं बोट थांबलं. मग ती उठली, अम्मीसमोर गेली आणि तिचे दोन्ही हात तिने हातात घेतले.

"अगं बाई! तू? या हातांनी?" तिचा गडगडाट पार विरघळला होता. "मला इथे रस्ता ओलांडायची भीती वाटते! झैद, ऐकतोस ना? अशा बाईची लेक मला दिली तर मी डोक्यावर घेईन." मग तिने डोळे पुसले आणि लगेच मूळ आवाजावर आली. "पण जहांआरा, आता चालवत नाहीस?"

अब्बांनी खिशातून किल्ली काढली. "चला खाली," ते म्हणाले. "यल्ला, सगळे चला."

इमारतीच्या मागे रिकामं वाळूचं मैदान होतं, शुक्रवारी तिथे चिटपाखरूही नसे. अब्बांनी गाडी तिथवर नेली, उतरले आणि किल्ली अम्मीच्या हातात ठेवली.

"इथे लायसन नाही माझं," अम्मी म्हणाली.

"वाळूला कुठे लायसन लागतं? उद्या ड्रायव्हिंग स्कूलला नाव घालू. आज नुसती फिरव."

हलिमा कुणाला न विचारता पुढच्या सीटवर चढून बसली. अब्बांनी मागचं दार उघडलं.

"मी मागे बसतो," ते म्हणाले. "तेव्हाही मागेच होतो."

गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली. मग चालू झाली. मग वाळूत मोठं वर्तुळ घेऊन अशी निघाली की हलिमाची किंकाळी इमारतीच्या वरच्या मजल्यापर्यंत गेली असेल. अम्मीची पाठ ताठ होती आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. अरफा आणि झैद मैदानाच्या कडेला उभे होते. धुळीने दोघांचे नवे कपडे भरले होते.

"अम्मीच्या चेहऱ्याकडे बघ," अरफा म्हणाली. "हे चित्र राहिलंच काढायचं."

"मी तुझ्या चेहऱ्याकडे बघतोय."

"झैद..."

"पडवीत तू एकदाच बोलणार म्हणालीस, म्हणून मी परत विचारत नाही. माझं मात्र बोलायचं राहिलं होतं." तो नेहमीसारखा हसला नाही. "मी तुझ्यावर त्या दिवसापासून प्रेम करतो, ज्या दिवशी तू मला दीडशहाणा म्हणालीस. तोवर मला सगळे शहाणाच समजायचे."

अरफाने त्याच्या बाहीवरची वाळू झटकली, आणि झटकून झाल्यावरही हात तिथेच ठेवला.

गाडी त्यांच्यासमोर येऊन थांबली. हलिमा छाती धरून, हसत हसत उतरली. "खलास! माझं बस झालं. आता पोरांना घ्या."

"अरफा, पुढे बस," अम्मी म्हणाली. कपाळावर घाम, केस विस्कटलेले, आवाज असा की अरफाने इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

झैद बाहेरच घुटमळत राहिला. अब्बांनी मागचं दार ढकललं आणि शेजारच्या सीटवर थाप मारली.

"ये रे, इकडे ये. आमच्या घरात पुरुष मागे बसतात. आत्तापासून सवय करून घे."

झैद डोकं वाकवून आत शिरला आणि सरकून बसला. "जी, अब्बा," तो म्हणाला.

आणि जहांआराने गिअर टाकला.